मतदानाचा दिवस सोपा असतो, भानगड आधी आणि नंतर

आमच्या शेजारची एक मुलगी गोवा विद्यापीठात पॉलिटिकल सायन्सला आहे. तिला पेपर लिहायचाय आणि तिचा प्रश्न असा, की काका, तुमची निम्मी नोकरी इलेक्शन ड्युटीत गेली, तर सांगा, नव्या लोकशाही देशांत निवडणूक घेतली की निकालावरनं एवढी मारामारी का होते, आणि भारताने आपली ईव्हीएम दिली, थोडं ट्रेनिंग दिलं, तर हे सुटणार नाही का. दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहूनच देतोय.

आधी थोडक्यात उत्तर, मग पाल्हाळ. मतदानाचा दिवस हा सगळ्या कारभारातला सोपा भाग. टीव्हीवर तोच दिसतो, रांगा, शाई लावलेली बोटं, नव्वदीच्या आजींना खुर्चीत बसवून आणलेलं, आणि बाहेरून आलेले निरीक्षक पण बऱ्याचदा तेवढंच बघतात आणि संध्याकाळी शांततेत पार पडलं म्हणून रिपोर्ट देऊन मोकळे. निवडणूक बिघडते ती एकतर कितीतरी महिने आधी मतदार यादीत, नाहीतर मतदान संपल्यावर आकडे बूथवरून वर चढताना. आणि या दोन्ही ठिकाणी मशीन फारसं उपयोगी पडत नाही, उपयोगी पडतो तो हरणाऱ्या पक्षाच्या माणसाच्या हातात सहीशिक्क्यानिशी दिलेला कागद. जिंकणाऱ्याला काही पटवून द्यावं लागत नाही, तो कसाही खूश असतो.

तू नवी लोकशाही म्हणजे आफ्रिका असं धरून चाललीयस, पण आपलं गोवा तरी कुठे जुनं? १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले आणि ९ डिसेंबर १९६३ ला विधानसभेची पहिली निवडणूक, म्हणजे मध्ये पुरती दोन वर्षं पण नाहीत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राज्यात मताचा हक्क मूठभरांना, विरोधी पक्ष काढायची सोय नाही, पेपरांवर सेन्सॉर, आणि तिथून एकदम भाटकाराला, म्हणजे जमीनदाराला, एक मत आणि त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला पण एकच मत. ३० जागा होत्या, २८ गोव्याच्या आणि दमण, दीवची एकेक. दिल्लीत नेहरूंचं सरकार, गोवा सोडवला त्यांनी, आणि त्यांच्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही, जी एक मिळाली ती दमणची. मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आलं, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. केंद्रात ज्यांची सत्ता त्यांचाच इथे भोपळा आणि तरी निकाल जसाच्या तसा लागू, हे लोकांनी पहिल्याच खेपेला बघितलं. नव्या देशात पहिल्या निवडणुकीला सत्तेवरचाच हरतो असं क्वचित होतं, त्यामुळे आपल्याला जे फुकट मिळालं त्याची किंमत आपल्याला कळत नाही.

खरा कस लागला तो १६ जानेवारी १९६७ च्या ओपिनियन पोलला, म्हणजे जनमत कौलाला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पानं. आमचं घर फोंडा तालुक्यातलं, पक्कं फुलाचं, अजून काही घरांत हा विषय जेवताना काढत नाहीत. निकाल लागला: विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१, फरक ३४,०२१ चा. बाद मतं सात हजारांच्या वर. एवढा जिव्हाळ्याचा प्रश्न, भाषा, जात, देऊळ-चर्च सगळं त्यात गुंतलेलं, प्रचारात नको नको ते बोलून झालेलं, आणि तरी हरलेल्या बाजूने निकाल मानला. का मानला हे तुझ्या पेपरचं खरं मटेरियल आहे.

माझ्या मते तीन गोष्टी. एक, मतदानाच्या आधी डिसेंबर १९६६ मध्येच भाऊसाहेबांचं मंत्रिमंडळ बाजूला झालं, कारण समोरच्यांचं म्हणणं होतं की जो मुख्यमंत्री स्वतः विलीनीकरणाचा प्रचार करतोय त्याच्या हाताखाली हा कौल घेणं बरोबर नाही. दुसरं, प्रश्न आणि निशाण्या अशा की शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही आपण कशावर शिक्का मारतोय ते कळावं. आणि तिसरं म्हणजे नियम आधी ठरले आणि ते दोन्ही बाजूंना थोडे थोडे टोचत होते, फुलवाल्यांना सरकार सोडावं लागलं, दोन पानांवाल्यांची मागणी होती की मुंबईला वगैरे असलेल्या गोंयकारांना पण मत असावं ती मान्य झाली नाही. कुणालाच सगळं मनासारखं मिळालं नाही. आणि गंमत बघ, दोनच महिन्यांनी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी भाऊसाहेबांनाच परत निवडून दिलं. हरणाऱ्याला उद्या परत मैदान मिळणार हे माहीत असलं की आजचा पराभव गिळता येतो, आमच्या वडिलांचा सगळा राग त्या मार्चमध्ये निम्मा झाला असं आई सांगायची.

आता याच्या शेजारी पूर्व तिमोर ठेव. तीही पोर्तुगीजांची वसाहत, मग इंडोनेशियाच्या ताब्यात, आणि ३० ऑगस्ट १९९९ ला संयुक्त राष्ट्रसंघाने तिथे कौल घेतला, मतदान ९८ टक्क्यांच्या वर, ७८.५ टक्के लोकांनी स्वायत्ततेचा प्रस्ताव नाकारला, म्हणजे स्वतंत्र व्हायचं ठरवलं. मतदान म्हणून बघितलं तर त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पण करारात सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियाकडेच ठेवलेली, म्हणजे ज्याला एकच निकाल हवा होता त्याच्याच हातात बंदूक. ४ सप्टेंबरला निकाल जाहीर झाला आणि सशस्त्र टोळ्यांनी देश जाळला, हजाराच्या वर माणसं मेली, आंतरराष्ट्रीय फौज पोचेपर्यंत २० सप्टेंबर उजाडला. म्हणून कुठल्याही देशाचं बघताना पहिला प्रश्न हा विचारायचा की मतदानानंतरच्या पंधरवड्यात पोलीस आणि लष्कर कुणाचं ऐकतं. बाकी सगळं नंतर.

आता यादी. या विषयावर मी जरा जास्त बोलतो, सवय आहे.

मतदार यादी ही कुणाला आवडत नाही, कंटाळवाणं काम, फोटो येत नाही, पण सगळी भांडणं तिथून उगवतात. आपल्या देशाची पहिली निवडणूक १९५१-५२ ची, सुकुमार सेन आयुक्त, सतरा कोटींच्या वर मतदार, आणि जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगायलाच नकार दिला, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. सेन यांच्यापुढे सोपा मार्ग होता की घाला तशीच नावं, संख्या चांगली दिसते, पण ते नाही म्हणाले आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका नावं द्यायला लागल्या. हेच सेन पुढे १९५३ ला सुदानला निवडणूक घ्यायला गेले, म्हणजे आपल्याकडचं शिक्षण बाहेर देणं हे ईव्हीएमच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

गोव्यात यादीचं दुखणं वेगळं. एकाच वाड्यावर एकाच नावाचे चार गावकर, वडिलांचं नाव पण सारखं. आमच्याकडे लग्नानंतर बाईचं पहिलं नावही बदलतात, म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एक, इलेक्शन कार्डावर दुसरं, बँकेत तिसरं. फर्नांडिसच्या शेवटी काय लिहायचं यावर सगळ्या खात्यांचं आजपर्यंत एकमत नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे कुलूपबंद घरं. बीएलओ, म्हणजे बूथची यादी तपासणारा माणूस, घरी जातो, घराला कुलूप, यादीत त्या घरात पाच नावं, शेजारी सांगतो लंडनला असतात. आता लंडनला नोकरीसाठी गेलेला भारतीय नागरिक वेगळा आणि लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला वेगळा, पण दारावरच्या कुलपावर ते लिहिलेलं नसतं, आणि अंगणवाडीच्या सेविकेने किंवा शाळेच्या मास्तरने, कारण बीएलओ म्हणजे हीच माणसं, शेजाऱ्याच्या तोंडच्या माहितीवर कुणाचं नागरिकत्व ठरवायचं नसतं. मग नाव राहतं. नाहीतर घाईत उडतं, आणि दिवाळीला किंवा नाताळला माणूस घरी येतो आणि बोंब मारतो. मेलेला किंवा गेलेला मतदार यादीत राहिला तर तो बूथवर येऊन ओरडत नाही, पण जिवंत माणसाचं नाव उडालं तर तो हातात कार्ड घेऊन तुमच्या टेबलासमोर उभा असतो आणि त्याला द्यायला तुमच्याकडे उत्तर नसतं. म्हणून मला विचारशील तर दोन चुकांपैकी दुसरी जास्त वाईट. पहिलीला बूथवर उपाय आहे, आम्हाला गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशांची वेगळी लिस्ट देतात, त्यातला कुणी आला तर ओळख जास्त कसून तपासायची, सही-अंगठा दोन्ही घ्यायचं. दुसरीला त्या दिवशी उपायच नाही. २०२५ च्या शेवटी गोव्यातही यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं तेव्हा मी हेच सगळ्यांना सांगत होतो, की बाबांनो वाद टीव्हीवर घालू नका, आपल्या वाड्याचं पान काढून मोठ्याने वाचा.

केनियात २००७ च्या निवडणुकीतल्या गोंधळानंतर चौकशी आयोग बसला, क्रीगलर आयोग, त्याने सांगितलं की यादीत १२ लाखांच्या आसपास मेलेली माणसं असावीत. आता एवढी भुतं यादीत असतील तर एखाद्या भागात मतदान ९५-९८ टक्के दाखवायला काय लागतं? काही नाही. फुगलेली यादी म्हणजे कोरा चेक असतो, भरायचा की नाही ते नंतर कुणीतरी ठरवतं.

बूथवरचं आता जवळून सांगतो, कारण ट्रेनिंगमध्ये हेच शिकवत आलो. आदल्या दिवशी डिस्पॅच सेंटरला जाईपर्यंत तुम्हाला कुठलं बूथ आहे ते कळत नाही, टीम कॉम्प्युटर ठरवतो, आपल्या मतदारसंघात ड्युटी लागत नाही. सामान मोजून घ्यायचं, कदंबच्या बसमध्ये बसायचं, रात्री शाळेच्या वर्गात बेंचवर आडवं व्हायचं. सात वाजता मतदान असेल तर साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान. सगळ्या पक्षांच्या एजंटांसमोर किमान पन्नास मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला, नोटाला पण, मग क्लोज, रिझल्ट, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या काढून मोजायच्या, आकडे जुळले की मशीन क्लिअर करायचं, शून्य दाखवायचं, व्हीव्हीपॅटची पेटी रिकामी दाखवायची, चिठ्ठ्यांच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या आणि मग हिरव्या पेपर सीलवर एजंटांच्या सह्या. एजंट झोपेत असतात, म्हणतात सर राहू दे हो, आमचा विश्वास आहे. मी ट्रेनिंगला सांगायचो, विश्वास आहे म्हणणाऱ्याची सही आधी घ्या. सकाळी विश्वास असतो, रात्री निकाल बघून जातो.

संध्याकाळी वेळ संपली की गेटवर जो शेवटचा उभा आहे त्याच्यापासून चिठ्ठ्या वाटत पुढे यायचं, म्हणजे मागून कुणी घुसू शकत नाही. साधी गोष्ट, पण मी कितीतरी नवीन लोकांना पुढून वाटताना पकडलंय. मग मशीन क्लोज, एकूण किती मतं पडली ते वाचायचं, रजिस्टरशी ताळा करायचा आणि फॉर्म १७ सी भरायचा. मशीनचे नंबर, सीलचे नंबर, एकूण मतं, आणि त्याची सही केलेली प्रत प्रत्येक एजंटला. निवडणुकीतला माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. त्या कागदानंतर मशीन बसमध्ये गेलं, स्ट्राँगरूमला गेलं, तिथे पंधरा दिवस पडलं, काही झालं तरी मोजणीच्या दिवशी त्या टेबलावर समोरच्याच्या खिशात तोच आकडा असतो. ६८४ म्हटलं तर ६८४. म्हणजे मतं आत घालायची किंवा काढायची सोयच राहत नाही. आता हे खरं की बरेच एजंट तो कागद खिशात कोंबतात आणि पार्टी ऑफिसला पोचेपर्यंत हरवतात, लहान पक्षांना तर सगळ्या बूथवर माणूसच मिळत नाही, आणि मग तेच लोक आरोप करायला पुढे असतात. पण तो वेगळा वैताग.

आता नवीन देशांत नेमकं हेच तुटतं. केनियात २००७ ला मतदान डिसेंबरच्या शेवटी झालं, लोक शांतपणे रांगेत होते, पण आकडे बूथवरून मतदारसंघात आणि तिथून नैरोबीला जाताना बदलत गेले असा आरोप झाला, घोषणा झाली आणि तासाभरात संध्याकाळीच राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी उरकला. पुढे निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांनीच पत्रकारांना सांगितलं की कोण जिंकलं ते आपल्याला माहीत नाही. हजाराच्या वर माणसं मेली, लाखो घरातून हाकलली गेली. क्रीगलर आयोगाने नंतर जे म्हटलं ते मला जास्त भयंकर वाटतं, की कागदपत्रं एवढी बिघडलीयत की खरा विजेता कोण ते आता कुणालाच ठरवता येणार नाही. चोरी झाली तर चोर पकडता येतो, इथे तर पावतीच उरली नाही.

२०१७ ला त्यांनी बायोमेट्रिक आणलं, टॅबलेट आणले, निकाल इलेक्ट्रॉनिक पाठवायची सिस्टीम आणली, प्रचंड पैसा ओतला. मतदानाच्या काही दिवस आधी आयोगाचे आयटीचे प्रमुख अधिकारी ख्रिस म्सांडो यांचा खून झाला. निकाल जाहीर झाला तेव्हा बूथचे सगळे फॉर्म, तिकडे त्याला ३४ ए म्हणतात, आलेलेच नव्हते. विरोधक कोर्टात गेले, कोर्टाने सर्व्हर बघायला द्या म्हटलं, आयोगाने नीट दिला नाही, आणि १ सप्टेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने अख्खी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत असं पहिल्यांदाच झालं. मशीनरी सगळी होती, कागद वेळेवर नव्हता.

मग २०२२ ला काय केलं, तर ४६ हजारांवर बूथच्या ३४ ए फॉर्मचे फोटो सरळ वेबसाइटवर टाकले, कुणीही उघडावं, कुणीही बेरीज मारावी. टीव्ही चॅनलवाले, पक्षवाले, कॉलेजची पोरं, सगळे बेरजा करत बसले. आणि याच वेळी घोषणेच्या दिवशी आयोगाच्या सातपैकी चार आयुक्तांनी आम्हाला हा निकाल मान्य नाही म्हणून हात वर केले. विचार कर, हेच २००७ ला झालं असतं तर देश पेटला असता. पण लोकांच्या हातात बूथचे आकडे होते, जिंकलेल्या रुटो यांना ५०.४९ टक्के, म्हणजे अगदी काठावर, आणि तरी मामला कोर्टात गेला, ५ सप्टेंबरला कोर्टाने निकाल कायम केला, झालं. आयोगच फुटला तरी निकाल टिकला. माझा सगळा मुद्दा या एका उदाहरणात येतो.

मलावीचं नाव पण पेपरात घाल. मे २०१९ च्या निवडणुकीत निकालपत्रांवर पांढरी शाई लावून, ती टायपिंगची चूक झाकायची असते ना, आकडे खोडलेले आढळले. लोक त्याला टिपेक्स निवडणूकच म्हणायला लागले. लोक महिनोन् महिने रस्त्यावर उतरले, आणि ३ फेब्रुवारी २०२० ला पाच न्यायाधीशांनी निवडणूक रद्द केली, त्या दिवशी त्यांना बुलेटप्रूफ जॅकेट घालून, चिलखती गाडीतून कोर्टात आणावं लागलं. जूनमध्ये फेरनिवडणूक झाली आणि विरोधी उमेदवार चकवेरा ५८ टक्क्यांच्या वर मतं घेऊन आले. आता टिपेक्स लावणाऱ्या प्रत्येकाने चोरीच केली असं मला वाटत नाही. रात्री दोन वाजता, कंदिलाच्या उजेडात, सोळा तास जागा असलेला माणूस आकडा चुकतो आणि खोडतो. आपल्याकडे शिकवतात की चुकलं तर एक रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा, सही करा, एजंटांच्या पण सह्या घ्या. हे शिकवायला खर्च काहीच नाही, पण ते शिकवलेलं नसलं की कोर्टाला चूक आणि लबाडी यातला फरक करता येत नाही.

आणि इथेच आपल्याला एक फायदा आहे जो आपण मोजत नाही, तो म्हणजे कायमची सरकारी नोकरी. प्रिसायडिंग ऑफिसर म्हणजे शाळामास्तर, पीडब्ल्यूडीचा इंजिनिअर, बँकेचा माणूस. त्याला लोकशाहीची फार ओढ असते असं काही मी म्हणणार नाही, निम्मे तर ड्युटी रद्द करायला डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधत फिरतात. पण त्याला नोटीशीची भीती असते, सस्पेंड व्हायची भीती असते, पेन्शनची काळजी असते. नव्या देशात महिनाभरासाठी भाड्याने पोरं घेतात, दोन दिवस ट्रेनिंग, आणि निवडणूक झाली की ती पोरं परत सापडत नाहीत. अफगाणिस्तानात २००४ ला शाईचं झालं ते असंच, न पुसणाऱ्या शाईच्या मार्करच्या जागी साधे मार्कर वापरले गेले, बोटावरची खूण धुतली की जायला लागली, आणि दुपारपर्यंत पंधरा उमेदवारांनी बहिष्काराची घोषणा केली. शाई चांगलीच होती, पेन कुठलं हे सांगायचं राहिलं. आपल्याकडे म्हैसूरची शाई येते, १९६२ पासून तीच, बाहेरच्या बऱ्याच देशांना पण जाते.

ईव्हीएमचं तू विचारलंस. गोव्याला यात बराच मान आहे, १९९९ ला अख्ख्या राज्यात ईव्हीएमवर विधानसभा घेणारं पहिलं राज्य आपलं, आणि २०१७ ला चाळीसच्या चाळीस मतदारसंघांत व्हीव्हीपॅट लावणारं पण आपलंच. भूतानने २००८ च्या पहिल्या निवडणुकीत आपली मशीन वापरली, पण त्याआधी २००७ ला त्यांनी देशभर खोटी निवडणूक घेऊन सराव केला होता, पिवळा, लाल, निळा, हिरवा असे काल्पनिक पक्ष उभे करून. पिवळा जिंकला, कारण तो राजाचा रंग! पण पुढे बघ, खऱ्या निवडणुकीत २००८ ला एका पक्षाने ४७ पैकी ४५ जागा घेतल्या आणि २०१३ ला तोच हरला, त्यानंतर प्रत्येक वेळी सरकार बदललंय. नामिबियाने २०१४ ला आपली मशीन घेतली, पण कागदी चिठ्ठीशिवाय, आणि २०२० ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं चालणार नाही. म्हणजे मशीन द्या जरूर, बाद मतं वाचतात, मोजणी पटकन होते, पण त्यासोबत मॉक पोलची शिस्त आणि १७ सी नाही दिलं तर नुसता डबा दिल्यासारखं आहे. आपल्याकडेही प्रत्येक मतदारसंघात पाच बूथच्या चिठ्ठ्या मोजायचा नियम २०१९ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने आला, आणि २०२४ ला सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी कोर्टाने फेटाळली. मला स्वतःला पाच पुरेशा वाटतात, पण ज्यांना वाटत नाहीत त्यांना वेड्यात काढू नये.

आयोग स्वतंत्र असणं याबद्दल पुस्तकात बरंच मिळेल, मी फक्त घरचं उदाहरण देतो. आपल्या पंचायत-पालिका निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. गोव्यात सरकारच्या कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्ताचा जादा चार्ज होता, पालिकांच्या आरक्षणाचा वाद कोर्टात गेला, आणि १२ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की सरकारी नोकरीत असलेला माणूस निवडणूक आयुक्त होऊ शकत नाही, ही घटनेची थट्टा आहे. निकाल गोव्याच्या केसमध्ये, लागू सगळ्या देशाला. मुक्तीनंतर साठ वर्षांनी आपल्याला हे शिकावं लागलं, तेव्हा दुसऱ्यांना जरा कमी उपदेश करावा.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. मी वर एवढं कौतुक केलं त्या बूथवार आकड्यांचा एक वाईट उपयोग पण आहे. आपले मतदारसंघ म्हणजे जेमतेम पंचवीस-तीस हजार मतदार, बूथला सहा-सातशे, आणि बूथ म्हणजे एक वाडा, फार तर दोन. २०२२ ला सांत आंद्रे ७६ मतांनी ठरलं, पणजी ७१६ मतांनी. मोजणीनंतर आमदाराच्या हातात बूथवार कागद असतो आणि त्याला बरोबर कळतं कुठल्या वाड्याने दगा दिला, मग त्या वाड्याचा रस्ता, नळ, पोरांची नोकरी. बॅलेट पेपर असताना मोजणीआधी बूथच्या मतपत्रिका मिसळायची तरी सोय होती. आयोगाने टोटलायझर सुचवलं, चौदा बूथची मशीन जोडून एकच बेरीज काढणारं, लॉ कमिशनने पण २०१५ ला शिफारस केली, सरकारने नको म्हटलं. आता केनियासारख्या ठिकाणी बूथवार आकडा लपवला तर विश्वास जातो, आणि आपल्यासारख्या लहान ठिकाणी दाखवला तर गुप्तता जाते. माझा कल अजूनही दाखवण्याकडेच आहे, कारण वाड्याची अडवणूक निदान डोळ्यांना दिसते, तिच्याविरुद्ध बोलता येतं. पण ज्या देशात विरोधी गावाचा नळ तोडत नाहीत, गावच जाळतात, तिथे मी हे छातीठोकपणे सांगणार नाही.

पैशाचं लिहिलं नाही कारण त्यात माझ्याकडे नवीन काही नाही. गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चाची मर्यादा २०२२ ला २८ लाख होती, आणि त्यात खरंच किती बसतं ते तुझ्या गावात कुणीही सांगेल. आणि पक्षांतर, जानेवारी २०२२ मध्ये देऊळ, चर्च, दर्गा तिन्हीकडे शपथा झाल्या आणि सप्टेंबरमध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार पलीकडे, याला निवडणूक यंत्रणा काही करू शकत नाही, पण माझ्या बूथवर आलेला म्हातारा दोन्हींत फरक करत नाही, तो म्हणतो मत देऊन काय उपयोग मास्तर. तेव्हा हा भाग पेपरात वेगळा ठेव, मिसळू नकोस.

पेपरसाठी दहा देश घेऊ नकोस, केनियाच्या तीन निवडणुका घे, २००७, २०१७, २०२२, एकाच देशात काय बदललं ते दिसेल, आणि सोबत गोव्याचा ओपिनियन पोल. १९६६ चा त्याचा कायदा आणि निवडणूक आयुक्ताबद्दलचं सुप्रीम कोर्टाचं २०२१ चं निकालपत्र, दोन्ही मुळातून वाच, कुणीतरी काढलेल्या सारांशावर जाऊ नकोस. आणि पुढच्या पंचायत निवडणुकीला कुणाची तरी पोलिंग एजंट म्हणून बस, ती आपल्याकडे बॅलेट पेपरवर असते, पेटी रिकामी दाखवतात तिथपासून शेवटच्या सहीपर्यंत सगळं बघायला मिळेल. डबा घरून ने, एजंटला जेवण मिळेलच असं नाही.